माती, भट्टी आणि क्रूस : लुचो फोंतानाच्या धार्मिक शिल्पांविषयी

मिलानच्या स्काला नाट्यगृहापासून चार पावलांवर सान फेदेलेचा छोटासा चौक आहे. तिथले चर्च १५६९ साली, कार्लो बोर्रोमेओ आर्चबिशप असताना, पेल्लेग्रिनो तिबाल्दीच्या आराखड्यावरून जेझुइट या धर्मसंघासाठी उभे राहू लागले. इटालियन कादंबरीचा जनक मानला जाणारा आलेस्सांद्रो मांझोनी १८७३ च्या जानेवारीत याच चर्चच्या पायऱ्यांवर पडला. डोक्याला लागलेल्या मारातून तो सावरला नाही आणि मे महिन्यात गेला. त्याचा पुतळा चौकात उभा आहे. बहुतेक प्रवासी पुतळ्यापाशी घटकाभर थांबून दुओमोच्या, म्हणजे मिलानच्या कॅथेड्रलच्या, दिशेने निघून जातात. चर्चच्या आत मात्र विसाव्या शतकातल्या एका शिल्पकाराने १९५६ साली घडवलेले, झिलई दिलेल्या भाजक्या मातीचे वेदीशिल्प आहे. सतराव्या शतकातल्या फ्रान्समधली जोगीण मार्गारीता मारिया आलाकोक हिला ख्रिस्ताच्या पवित्र हृदयाचे दर्शन झाले, तो प्रसंग त्यात आहे. खालच्या तळघरातल्या प्रार्थनास्थानात त्याच हातांनी १९५७ मध्ये घडवलेली क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने आहेत. शिल्पकाराचे नाव लुचो फोंताना.

हे नाव ऐकल्यावर कलेची थोडीफार माहिती असलेल्या माणसाला काय आठवते? एका रंगात रंगवलेला ताणलेला कॅनव्हास आणि त्यावर धारदार पात्याने दिलेला उभा छेद. १९५८ पासून फोंतानाने असे छेद दिले आणि जगातल्या प्रत्येक आधुनिक कलासंग्रहालयाला त्यातला एखादा तरी आपल्याकडे हवासा वाटू लागला. २०१५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात त्याचा छिद्रांनी भरलेला अंडाकृती पिवळा कॅनव्हास दोन कोटी नव्वद लाख डॉलरच्या पुढे गेला. या प्रसिद्धीखाली त्याचे मातीकाम कित्येक वर्षे झाकले गेले आणि धार्मिक मातीकाम तर त्याहूनही अधिक. काही समीक्षकांनी त्याकडे पोटापाण्याचे काम म्हणून पाहिले, काहींनी जुन्या वळणाचा अवशेष म्हणून. चर्चसाठी येशू घडवणारा फोंताना आणि कॅनव्हास फाडणारा फोंताना अशी दोन माणसे जणू एका घरात भाड्याने राहत होती!

ही विभागणी खरी नाही. फोंतानाचे क्रूस, त्याच्या क्रुसाच्या वाटा, वधस्तंभावरून उतरवलेला त्याचा ख्रिस्त ही सगळी कामे त्याच्या कलेच्या गाभ्यातली आहेत. ती समजून घेतल्याशिवाय ते प्रसिद्ध छेदही अर्धेच कळतात. या विषयाची ओळख करून देताना हे आधी सांगायला हवे.

फोंतानाचा जन्म १९ फेब्रुवारी १८९९ रोजी अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात झाला. वडील लुइजी फोंताना इटलीतून तिथे गेलेले शिल्पकार. त्यांच्या कारखान्यातून स्मशानभूमींसाठी देवदूत, शोकमग्न स्त्रिया, क्रूस असे संगमरवरी काम बाहेर पडत असे. मुलाला लहानपणीच शिक्षणासाठी इटलीला पाठवले गेले. पहिल्या महायुद्धात तो स्वेच्छेने सैन्यात गेला आणि हाताला जखम घेऊन परतला. नंतर काही वर्षे त्याने अर्जेंटिनात वडिलांच्याच कारखान्यात काम केले. मृत्यू, शोक आणि पुनरुत्थानाची आशा यांना आकार देणे हा त्या घरचा धंदा होता. धार्मिक शिल्प त्याने अभ्यासक्रमात प्रथम पाहिले असे झाले नाही. त्याच्या कानांवर छिन्नीचे घाव पडले तेच मुळी कबरींच्या दगडांवरचे.

१९२८ च्या सुमारास तो मिलानच्या ब्रेरा अकादमीत आदोल्फो विल्टच्या वर्गात दाखल झाला. विल्ट हा संगमरवराचा जादूगार. दगड घासून घासून तो हस्तिदंतासारखा गुळगुळीत करी, आणि त्याच्या संतांच्या नि हुतात्म्यांच्या चेहऱ्यांवर एक थंड, पारलौकिक चमक असे. फाउस्तो मेलोत्ती हा पुढे नावारूपाला आलेला शिल्पकारही याच वर्गातला. गुरूच्या नजरेत फोंताना आपला वारस होता. आणि शिक्षण संपता संपता, १९३० मध्ये, या वारसाने प्लास्टरचा एक ओबडधोबड बसलेला माणूस घडवला नि त्यावर डांबर ओतले. ‘काळा माणूस’ हे त्या शिल्पाचे नाव. गुळगुळीत संगमरवराला दिलेले याहून रोखठोक उत्तर कल्पनेत आणणे कठीण. पण गुरूकडून आलेली एक गोष्ट त्याने टाकली नाही. शिल्पाच्या पृष्ठभागावर प्रकाश कसा पडतो, कसा घसरतो, कुठे अडतो, हा विल्टचा ध्यास होता. फोंतानाने तो ध्यास संगमरवरातून उचलून ओल्या, चिकट, भाजून चकाकणाऱ्या मातीत नेला.

ते घडले आल्बिसोलाला. जेनोव्हाच्या पश्चिमेला, साव्होना शहराला लागून, समुद्रकाठी हे कुंभारांचे गाव आहे. शतकानुशतके इथून निळ्या-पांढऱ्या नक्षीची भांडी जहाजांत चढत. १९०३ साली जुझेप्पे मात्सोत्तीने इथे आपला कारखाना काढला. त्याचा मुलगा तुल्लिओ भविष्यवाद्यांच्या गोटात गेला आणि गावाच्या नावावरून तुल्लिओ द’आल्बिसोला म्हणून ओळखला जाऊ लागला. हा माणूस विलक्षण होता. १९३२ मध्ये त्याने भविष्यवाद्यांचा म्होरक्या मारिनेत्ती याचे पुस्तक कागदाऐवजी पत्र्यावर छापून काढले. १९३८ मध्ये त्याने मारिनेत्तीबरोबर सिरॅमिकचा जाहीरनामाही लिहिला. त्याच्या कारखान्याची इमारत निकोलाय दिउल्गेरोव या बल्गेरियन भविष्यवादी वास्तुरचनाकाराने आखली होती. अशा ठिकाणी, १९३० च्या दशकाच्या मध्यावर, फोंताना मातीत हात घालायला आला आणि आयुष्यभर परत परत येत राहिला.

सुरुवातीला त्याने देव घडवले नाहीत. त्याने मगर घडवली, साप, खेकडे, शिंपले, केळे आणि नाशपाती, समुद्रतळातून नुकत्याच वर ओढल्यासारख्या वाटणाऱ्या वस्तू. १९३७ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्हरच्या प्रसिद्ध कारखान्यातही त्याने काम केले. १९३९ मध्ये त्याने आपल्या मातीकामाविषयी एक छोटा लेख लिहिला. आपण शिल्पकार आहोत, सिरॅमिककार नाही, असे त्यात त्याने बजावले. चाकावर एक ताट फिरवलेले नाही की फुलदाणी रंगवलेली नाही, नाजूक जाळीदार नक्षीचा आपल्याला तिटकारा आहे, असेही सांगितले. यात थोडा तोरा आहे खरा, पण मुद्दा पक्का आहे. सजावटीची हस्तकला ही मातीची दुय्यम जागा त्याला मान्य नव्हती. संगमरवर आणि काशाच्या बरोबरीने त्याला माती उभी करायची होती.

मातीचे हे काम होते कसे, ते समजून घेतले की फोंतानाची निवड अधिक उलगडते. ओली माती बोटांची प्रत्येक हालचाल जशीच्या तशी धरून ठेवते. अंगठा दाबला की खळगा, नखाने ओढले की चर, मूठ वळली की गोळा. आकार सावकाश वाळवावा लागतो. आत ओल किंवा हवा राहिली तर भट्टीत तडा जातो, तुकडे उडतात. पहिल्या भाजणीत, साधारण हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, माती कायमची कडक होते. मग तिच्यावर झिलई चढते. झिलई म्हणजे पाण्यात कालवलेली काचेची पूड. कथिलाने ती अपारदर्शक पांढरी होते, कोबाल्टने निळी, तांब्याने हिरवी, मँगनीजने जांभळी-तपकिरी. लावताना ती सगळी मळकट राखाडी दिसते. दुसऱ्या भाजणीत ती वितळते, वाहते, खाचांमध्ये साचते, उंचवट्यांवरून ओघळते, आणि भट्टी उघडल्यावरच कळते की रंग कुठे जाऊन बसला. सोनेरी किंवा धातूसारखी झाक हवी असेल तर कमी उष्णतेची तिसरी भाजणी. राजस्थानच्या मीनाकारीत तांब्या-सोन्यावर वितळलेली काच बसवतात. झिलईचे तत्त्व तेच, फक्त खालचा देह मातीचा.

इटलीला ही कला नवी नव्हती. लुका देल्ला रोब्बियाने पंधराव्या शतकात फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलसाठी ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे शिल्प झिलईच्या मातीत घडवले आणि त्याच्या घराण्याने पुढे टस्कनीभर पांढऱ्या-निळ्या माता मरियेच्या मूर्ती पोहोचवल्या. त्या मूर्ती शांत आहेत. झिलई तिथे आकाराला स्वच्छ कवच देते. फोंतानाने ही परंपरा ओळखली आणि उलटवली. त्याच्या हातात झिलई आकाराला बांधून ठेवत नाही. ती त्याला सैल करते, ओघळवते, कधी जवळजवळ बुडवते. त्याच्या शिल्पात ख्रिस्ताचे शरीर कुठे संपते आणि क्रुसाचे लाकूड कुठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला शोधावे लागते.

१९४० मध्ये तो अर्जेंटिनाला गेला आणि युद्धाची वर्षे तिथेच राहिला. १९४६ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये त्याच्या भोवतालच्या विद्यार्थ्यांनी ‘पांढरा जाहीरनामा’ काढला. त्यावर त्याची स्वतःची सही नाही, पण विचार त्याचेच. रंग, आकार, काळ, अवकाश एकत्र आणणारी नवी कला हवी, अशी मागणी त्यात होती, आणि बरोक काळातल्या शिल्पकारांनी अवकाशाकडे पहिली झेप घेतली असेही म्हटले होते. हा बरोकचा उल्लेख महत्त्वाचा आहे. बरोक म्हणजे उडणारी वस्त्रे, वळलेली शरीरे, दगडातून फुटणारे ढग, आणि हे सगळे मुख्यतः चर्चच्या आत. भविष्याची घोषणा करतानाही फोंतानाची नजर वेदीवरच्या त्या खळबळीकडे होती.

१९४७ मध्ये तो मिलानला परतला तेव्हा शहर उद्ध्वस्त होते. १९४३ च्या ऑगस्टमधल्या बॉम्बवर्षावात स्काला कोसळले होते, लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ ज्या भोजनगृहात आहे त्याची एक भिंत पडली होती. फोंतानाचा स्टुडिओही गेला होता. ‘पांढऱ्या जाहीरनाम्या’तल्या विचारांतून उभ्या राहिलेल्या त्याच्या चळवळीचे, म्हणजे अवकाशवादाचे, पहिले इटालियन जाहीरनामे याच काळात निघाले. आणि त्याच १९४७ साली त्याने क्रुसाच्या वाटेची आपली पहिली मालिका रंगीत झिलईच्या मातीत घडवली.

क्रुसाची वाट म्हणजे येशूला मृत्युदंड फर्मावला गेल्यापासून त्याला कबरीत ठेवेपर्यंतची चौदा स्थाने. वसईच्या, गोव्याच्या चर्चमध्ये भिंतीवर ओळीने लावलेली ही चित्रे वा शिल्पे मराठी वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असतील. उपवासकाळात भाविक एका स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे सरकत प्रार्थना करतात. स्थानांची चौदा ही संख्या १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी पक्की केली. या भक्तीचा सर्वांत मोठा प्रचारक पोर्तो माउरिझिओचा फ्रान्सिस्कन साधू लिओनार्दो. त्याने १७५० मध्ये रोमच्या कोलोसियममध्येही ही स्थाने उभारली. पोर्तो माउरिझिओ आणि आल्बिसोला एकाच लिगुरियन किनाऱ्यावर आहेत. म्हणजे फोंताना ज्या किनाऱ्यावर माती भाजत होता, तिथल्या लोकांच्या अंगवळणी ही वाट पिढ्यान्‌पिढ्या पडलेली होती.

शिल्पकारासाठी हा विषय अवघड आहे. चौदा वेळा तेच शरीर, तोच क्रूस, तीन वेळा तेच पडणे. बहुतेक चर्चमध्ये साच्यातून काढलेल्या मालिका दिसतात त्या यामुळेच. फोंतानाने यातून वाट काढली ती वेगाने. १९४७ च्या मालिकेत आकृत्या पुरत्या घडवलेल्या नाहीत, त्या फेकल्यासारख्या, ओढल्यासारख्या आहेत. सैनिकाचा घोडा म्हणजे मातीचा एक वळसा, येशूचा चेहरा पुसणाऱ्या वेरोनिकेचे फडके म्हणजे झिलईचा एक पांढरा फटकारा. गर्दीतून ख्रिस्त ओळखायला क्षणभर लागतो, आणि ती वाट खरोखर गर्दीतूनच गेली होती. रंगही भाबडे नाहीत. काळा, गुलाबी, जांभळट, मधूनच सोनेरी, आणि सगळे ओले असल्यासारखे चकाकणारे. युद्धाने पोळलेल्या शहरात वेदना सुबक करून दाखवण्याचे त्याने नाकारले, असे या शिल्पांसमोर उभे राहिल्यावर वाटते.

त्याच काळापासून पुढची दहा-बारा वर्षे त्याने क्रुसावरचे ख्रिस्त घडवले, आणि त्याच्या धार्मिक कामातला सर्वांत दणकट भाग तोच. त्यांचा आकार मोठा नाही. कित्येक तर घरातल्या भिंतीवर मावतील एवढे. शरीर तुटक नि गाठाळ, डोके एका बाजूला कललेले, हात म्हणजे मातीच्या दोन पिळलेल्या वळ्या. कमरेचे वस्त्र वाऱ्याने उडाल्यासारखे फुगलेले. बरोक शिल्पकाराच्या घरी ते शोभले असते. कधी क्रूसच ज्वाळेसारखा वर उसळतो. झिलई जिथे बरगड्यांच्या खाचांमध्ये साचते तिथे ती गडद होते आणि गुडघ्यासारख्या उंचवट्यावर विरळ होऊन खालची माती दाखवते. रक्त वेगळे रंगवायची गरजच उरत नाही. भट्टीने ते काम केलेले असते.

यावर आक्षेप घेणारे तेव्हाही होते. त्यांना ही मोडतोड वाटली. तो काळच तसा होता. १९४७ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी उपासनेविषयीच्या परिपत्रकात आधुनिक कलेला मर्यादा सांभाळून वाव दिला. १९५० मध्ये फ्रेंच आल्प्समधल्या आसीच्या चर्चचे उद्घाटन झाले. तिथे लेजे, रुओ, माटिस, शागाल अशा कलाकारांचे काम होते. पण जेर्मेन रिशियेने घडवलेला खडबडीत, चेहरा हरवलेला काशाचा ख्रिस्त लोकांना सहन झाला नाही आणि १९५१ मध्ये तो वेदीवरून हलवावा लागला. त्याच वर्षी फ्रान्समधल्याच व्हान्समध्ये माटिसचे प्रार्थनागृह पुरे झाले. तिथे त्याने पांढऱ्या झिलईच्या फरशांवर काळ्या रेषांनी क्रुसाची अख्खी वाट एकाच भिंतीवर काढली आहे, घाईने लिहिलेल्या चिठ्ठीसारखी. १९५२ मध्ये रोमहून धार्मिक कलेविषयी सूचनापत्र निघाले आणि विद्रूप प्रतिमांपासून सावध राहण्यास सांगितले गेले. फोंतानाचे क्रूस या ओढाताणीच्या ऐन मध्यावर घडत होते.

मिलानच्या दुओमोच्या पाचव्या दरवाजाची कहाणी याच वातावरणातली. १९५० मध्ये या कांस्य दरवाजासाठी स्पर्धा जाहीर झाली. फोंतानाने प्लास्टरमध्ये मसुदे केले. आकृत्यांची अशी झुंबड की दरवाजाची चौकट फोडून त्या बाहेर येतील. १९५२ मध्ये त्याला आणि लुचानो मिंगुत्सीला बरोबरीने विजयी ठरवले गेले. अखेर काम मिंगुत्सीला मिळाले आणि त्याचा दरवाजा १९६५ मध्ये बसला. मिंगुत्सीचे काम नेटके आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरीही फोंतानाचे मसुदे पाहिले की युरोपातल्या एका मोठ्या कॅथेड्रलने विसाव्या शतकातले एक महान धार्मिक शिल्प हातचे घालवले, असे म्हणावेसे वाटते.

मिलानमधल्या दुसऱ्या एका जागी मात्र त्याला मोकळीक मिळाली. माता आणि मुले यांच्यासाठी चालणाऱ्या एका आश्रमगृहाची इमारत मार्को झानुसो या वास्तुरचनाकाराने आखली होती. तिथल्या प्रार्थनागृहासाठी फोंतानाने १९५५ मध्ये क्रुसाच्या वाटेची दुसरी मालिका केली. तिला पांढरी मालिका म्हणतात. आठ वर्षांपूर्वीचा रंगांचा गोंधळ इथे शांत झालेला आहे. पार्श्वभूमी चकचकीत पांढरी, आकृत्या थोडक्या, रेषा ओल्या मातीत ओरखडलेल्या, रंग नावापुरता. काही ठिकाणी ख्रिस्त जवळजवळ पांढऱ्यात विरघळतो. समोरून चालत गेले की झिलईवरचा प्रकाश सरकतो आणि आकृती दिसते, लपते, पुन्हा दिसते. ज्या भक्तीचा सगळा अर्थच चालण्यात आहे, तिच्यासाठी पाहणाऱ्याच्या चालण्याबरोबर बदलणारे शिल्प करणे ही फोंतानाची सर्वांत सुज्ञ कल्पना. सान फेदेलेची १९५७ ची मालिका धरून तिन्ही मालिकांत ही सर्वश्रेष्ठ. आज ती मिलानच्या धर्मप्रांतीय संग्रहालयात आहे.

सान फेदेलेचे वेदीशिल्प याच्या दुसऱ्याच वर्षीचे. १९५६ मध्येच पोप बारावे पायस यांनी पवित्र हृदयाच्या भक्तीवर परिपत्रक काढले. पवित्र हृदयाचा सण सर्व चर्चला लागू होऊन शंभर वर्षे झाली होती. जेझुइटांचे या भक्तीशी जुने नाते. आलाकोकचा आध्यात्मिक मार्गदर्शक क्लोद दे ला कोलोंबियेर हा जेझुइटच होता. पवित्र हृदयाच्या गोडगुलाबी तसबिरी जगभर घराघरांत लागलेल्या असताना, त्या विषयाला त्याचा मूळचा धक्का परत मिळवून देणे हे सोपे काम नव्हते. फोंतानाने तो प्रसंग ओबडधोबड, उसळत्या मातीत मांडला. दर्शन होणे म्हणजे डोळे दिपणे, हे त्यात गोड न करता सांगितले आहे.

आता त्या प्रसिद्ध छेदांकडे यायला हवे. १९४९ मध्ये फोंतानाने कागदाला आणि कॅनव्हासला भोके पाडायला सुरुवात केली. त्याच वर्षी मिलानच्या नाविल्यो गॅलरीत अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली चमकणारे आकार टांगले. १९५८ मध्ये छेद आले. १९५९ मध्ये आल्बिसोलात त्याने मातीचे मोठे गोळे घेतले, त्यांना काठीने खोल चीर दिली आणि भाजले. ‘निसर्ग’ नावाची ही मालिका. पण आल्बिसोलातले त्याचे मातीकाम या सगळ्याच्या आधी, तीसच्या दशकातच सुरू झाले होते, हे लक्षात घेतले तर भोसकणारा हात आधी मातीवर तयार झाला, हे ध्यानात येते. ओल्या मातीत बोट खुपसणारा, तिला फाडून आतला काळोख उघडा करणारा शिल्पकार ताणलेल्या कॅनव्हाससमोर उभा राहतो तेव्हा त्याला तो चित्रफलक वाटत नाही, कातडे वाटते. तो स्वतःही आपण चित्रकार नसून शिल्पकार आहोत असेच मानत राहिला.

इथे एक मोह आवरायला हवा. प्रत्येक छेद म्हणजे ख्रिस्ताच्या कुशीतली भाल्याची जखम, असे म्हणणे फार सोपे आहे आणि तसे म्हणणारे लेखही निघाले आहेत. फोंतानाने तसे समीकरण मांडले नाही. छेदामागे त्याला अवकाश दिसत होता; माणूस पृथ्वीबाहेर पडण्याची ती वर्षे होती. १९५७ मध्ये पहिला उपग्रह सुटला, १९६१ मध्ये गागारिन वर गेला. पण जखम आणि दार या दोन गोष्टी एकाच खुणेत असू शकतात, हे त्याच्या हाताला वधस्तंभ घडवताना कळले होते. ख्रिस्ती धर्मविचारातही त्या एकच आहेत. त्याच्या कलेतला धार्मिक भाग आणि अवकाशाचा भाग एकमेकांना भिडतात तो बिंदू हा.

१९६३-६४ मध्ये त्याने ३८ मोठे अंडाकृती कॅनव्हास केले. प्रत्येक एका रंगाचा, भोकांनी फाटलेला, चरे पडलेला. मालिकेला नाव दिले ‘ईश्वराचा अंत’. नाव ऐकून काहींना नास्तिकतेची घोषणा वाटली. फोंतानाच्या बोलण्यातून निघणारा अर्थ वेगळा होता. अनंताला चेहरा देता येत नाही, दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या रूपातला देव संपला, उरले ते न मोजता येणारे अवकाश. एका अर्थी पांढऱ्या मालिकेत जे सुरू झाले तेच इथे शेवटाला गेले. तिथे आकृती प्रकाशात विरत होती, इथे आकृतीच नाही. तो नियमित उपासना करणारा भाविक होता की नाही याची चर्चा होत राहते. त्याच्या कामातून एवढे निश्चित दिसते की देवाचा प्रश्न त्याने कधीच हलका मानला नाही.

त्याच्या समकालीनांत मातीला इतक्या गांभीर्याने हाताळणारा दुसरा मोठा इटालियन म्हणजे स्पोलेतोचा लेओनचिल्लो लेओनार्दी. वृत्तीने तो कम्युनिस्ट. १९४४ मध्ये जर्मनांनी मारलेल्या रोमन आईचे शिल्प त्याने रंगीत झिलईत केले, आणि साठच्या दशकात बाणांनी विंधलेला हुतात्मा संत सेबास्तियन याच्यावर शिल्पे केली. ती म्हणजे भेगाळलेल्या, फाकलेल्या मातीचे उभे खांब; बाण नाहीत, चेहरा नाही, फक्त भाजलेला देह. फोंतानाची माती उसळते, लेओनचिल्लोची माती सोसते. दोघे १९६८ च्या सप्टेंबरात चार दिवसांच्या अंतराने गेले. लेओनचिल्लो ३ तारखेला रोममध्ये, फोंताना ७ तारखेला कोमाब्बिओत, वारेसे भागातल्या आपल्या पूर्वजांच्या गावी. मेलोत्तीनेही युद्धानंतर बरीच वर्षे माती भाजली. इटालियन आधुनिक शिल्पाचा इतिहास कांस्य आणि पोलादाच्याच भाषेत लिहिला जातो तेव्हा या तिघांचे निम्मे काम बाहेर राहते.

परिस्थिती बदलते आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात केवळ फोंतानाच्या मातीकामाचे प्रदर्शन भरले. पण हे काम छायाचित्रांतून फार थोडे पोहोचते. झिलईची चमक कॅमेऱ्यात पांढरा डाग होते आणि बोटांचे ठसे सपाट होतात. ज्याला शक्य असेल त्याने ते जागेवर, हळूहळू, बाजूने वाकून पाहावे. मिलानमध्ये सुरुवात सांत’एउस्तोर्जोच्या मठातल्या धर्मप्रांतीय संग्रहालयापासून करावी, पांढऱ्या मालिकेसमोर पहिल्या स्थानापासून चौदाव्यापर्यंत चालावे. मग ट्रामने दुओमोला येऊन मिंगुत्सीचा दरवाजा पाहावा आणि पाच मिनिटांत सान फेदेले गाठावे. वरचे वेदीशिल्प आणि खालची तिसरी मालिका एकाच भेटीत होतात. दुसऱ्या दिवशी साव्होनाची गाडी पकडावी. आल्बिसोलाच्या समुद्रकाठाने १९६३ मध्ये घातलेला कलाकारांचा रंगीत फरसबंदी रस्ता जातो, त्यातला एक पट्टा फोंतानाच्या आराखड्याचा आहे. मात्सोत्तीचा कारखाना अजून चालू आहे, त्याला लागून संग्रहालय आहे आणि बागेत फोंतानाची मगर पहुडलेली आहे. वेदीवरच्या ख्रिस्ताच्या अंगावर जशी झिलई ओघळते तशीच ती या मगरीच्या पाठीवरही ओघळली आहे, कारण दोघांनाही घडवणारा अंगठा एकच.